पोत, घर्षण आणि झीज : पालघर-तारापूरच्या पोलादाची गोष्ट

आजचा विषय यंत्रशाळेतला आणि वक्ता तत्त्वज्ञानाचा. पत्रिका छापताना संयोजकांचा काही घोटाळा झाला की काय, असं काहींना वाटलं असेल. तसं नाही. पोलादाचे दोन तुकडे एकमेकांना टेकले म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न जितका लेथवाल्याचा आहे तितकाच आमचाही आहे. आणि या प्रश्नाचा इतिहास आपल्या पालघर-बोईसरच्या पट्ट्यात उभं राहून सांगता येतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत झिजणं हा मोठा सद्गुण आहे. माणूस चंदनासारखा झिजतो आणि आपण त्याचा सत्कार करतो. तोच माणूस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला लागला, की झिजतात त्याच्या चपला. उंबरठा आहे तिथेच असतो. मग कुणीतरी सांगतं, थोडं वंगण घाला, फाइल सरकेल. गंमत सोडा, पण या तीन वापरांत विषयाची तीनही अंगं आली. दोन वस्तू घासतात, त्यांतली एक जास्त झिजते, आणि मध्ये काही घातलं तर दोन्ही सुटतात. चौथं अंग सहाणेत आहे. सहाण खरखरीत असते म्हणून चंदन उगाळलं जातं. आरशावर चंदन उगाळून बघा, हात दुखेल, गंध निघणार नाही.

यावरून कुणीही म्हणेल, की खरखरीत पृष्ठभाग म्हणजे घर्षण जास्त आणि झीज जास्त, गुळगुळीत म्हणजे दोन्ही कमी. म्हणून यंत्राचा भाग जितका घासाल, जितका चकचकीत कराल, तितका तो टिकेल. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला युरोपातल्या विद्वानांना सुमारे अडीचशे वर्षं लागली. आणि आमचं म्हणणं असं, की आपल्या भागातल्या कित्येक कारागिरांच्या बोटांना ते आधीच माहीत होतं. फक्त ते कुणी लिहून ठेवलं नाही.

चिंचणी, तारापूर, वरोर, वाढवण या किनाऱ्याकडच्या गावांत डायमेकिंगचा घरगुती धंदा आहे. दागिने घडवायचे पोलादी ठसे, म्हणजे डाय, इथे घराघरांत कोरले जातात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, मग त्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून विझवून कठीण करायचं, आणि मग तोंड घासून चकाकी आणायची. त्या डायवर सोन्याचा नाहीतर दुसऱ्या धातूचा पातळ पत्रा ठेवून दाबला, की नक्षी सुलट उमटते. आता यात पोताचं काम बघा. डायच्या तोंडावर कानशीचा एक चरा राहिला, तर तो प्रत्येक दागिन्यावर उमटतो. शिवाय पत्रा मऊ असतो, तो त्या चऱ्यात अडकतो, ओढला जातो आणि फाटतो. म्हणून पानाचा, पाकळीचा उठाव आरशासारखा हवा. पण त्याच नक्षीत पाकळीच्या मागची जमीन झगझगीत नको असेल, तर तिथे मुद्दाम बारीक टिंबं मारावी लागतात. एकाच बोटभर पोलादावर दोन पोत, दोन्ही ठरवून केलेले. कुठे गुळगुळीत आणि कुठे नाही हे ठरवणं, यालाच तिथे हात बसणं म्हणतात.

आणि तपासणी कशाने? नखाने. नख आडवं फिरवायचं, अडलं की चरा आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं, की माणसाचं बोट अवघ्या तेरा नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक ओळखू शकतं. केसाची जाडी साधारण सत्तर हजार नॅनोमीटर. म्हणजे डायमेकरचं नख हा अडाणी अंदाज नव्हे, ते एक उपकरण आहे. आता संगणकावर चालणारी यंत्रं डाय कोरतात, आणि दुसरीकडे वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली आहे. त्या बंदराला विरोध करणाऱ्यांत मच्छीमार आणि शेतकऱ्यांबरोबर डायमेकरही होते. बंदर हवं की नको हा आजचा विषय नाही. पण गाव हललं, की शेजारच्या ओट्यावर बसून नखाने पोत ओळखायला शिकणारा मुलगाही हलतो, एवढं नोंदवून आम्ही पुढे जातो.

आता युरोपात काय चाललं होतं ते बघू. घर्षणाचे दोन ढोबळ नियम लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत सापडतात, पण त्या वह्या शतकानुशतकं बंद राहिल्या. गियोम आमोन्तों याने १६९९ साली पॅरिसच्या अकादमीपुढे तेच नियम नव्याने मांडले. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, हा पहिला. दुसरा जास्त चमत्कारिक आहे : घर्षण टेकलेल्या जागेच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. वीट आडवी सरकवा, उभी सरकवा, जोर तितकाच लागतो. अकादमीतल्या मंडळींना हे पटेना. मोठी जागा टेकली तर घर्षण जास्त नको का?

आमोन्तोंचा खुलासा असा होता, की पृष्ठभागावर उंचवटे असतात आणि सरकताना एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या उंचवट्यांवर चढतात. पुढे १७८१ साली शार्ल कुलोंब याला घर्षणावरच्या कामासाठी अकादमीचं पारितोषिक मिळालं. हाच तो विजेच्या नियमाचा कुलोंब. तो लष्करी अभियंता होता, प्रयोग त्याने रोशफोरच्या गोदीत केले, कारण जहाजं, दोरखंड, कप्प्या या सगळ्यांतलं घर्षण हा त्याचा रोजचा डोकेदुखीचा विषय होता. त्यानेही मुख्यतः उंचवट्यांवरच बोट ठेवलं. दोन ब्रशांचे केस एकमेकांत घुसावेत तसं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं. या दोघांच्या मधल्या काळात डेझागुलिए नावाच्या इंग्लंडमधल्या प्रयोगकर्त्याने शिशाच्या दोन गोळ्यांचा थोडा थोडा भाग कापून, ताज्या कापलेल्या बाजू पिळून एकमेकींवर दाबल्या, तर त्या चिकटून बसल्या. फार गुळगुळीत केलेले पृष्ठभाग घर्षण कमी करायच्या ऐवजी वाढवू शकतात, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. पण उंचवट्यांच्या सोप्या चित्रापुढे हे कुणी मनावर घेतलं नाही.

त्या चित्रातलं भोक दाखवलं जॉन लेस्ली या स्कॉटिश प्राध्यापकाने, १८०४ साली, आणि तेही निव्वळ तर्काने. आम्हांला हा माणूस आवडतो. बैलगाडी टेकाड चढते तेव्हा बैलांना जोर लागतो हे कबूल, पण उतरताना तोच जोर परत मिळतो. सरकणाऱ्या ठोकळ्याचे हजारो उंचवटे एका क्षणी चढत असतील, तर तितकेच उतरतही असतील. जमाखर्च शून्यावर यायला हवा आणि घर्षण नाहीसं व्हायला हवं. ते होत नाही. तेव्हा चढ-उतार हे घर्षणाचं मुख्य कारण असूच शकत नाही.

मग कारण काय? इथे आम्ही आमच्या घरच्या शास्त्राकडे वळतो. न्याय-वैशेषिकांच्या चोवीस गुणांत ‘संयोग’ नावाचा एक गुण आहे, दोन द्रव्यांचं एकमेकांना लागणं. आणि या गुणाबद्दल त्यांनी एक फार सूक्ष्म गोष्ट सांगितली : तो अव्याप्यवृत्ती आहे. म्हणजे ज्या वस्तूत तो राहतो ती सगळी तो व्यापत नाही. त्यांचं आवडतं उदाहरण झाडावरच्या माकडाचं. झाडाला माकडाचा संयोग आहे का? फांदीपाशी आहे, मुळापाशी नाही. त्याच झाडात संयोग आहे आणि त्याच झाडात संयोगाचा अभावही आहे. वर्गात हे शिकवताना मुलं हसायची, पंडितांना उद्योग नव्हता म्हणायची. आता पोलादाच्या ठोकळ्याकडे या.

फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर या केंब्रिजच्या दोघांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मोजलं, आणि १९५० साली त्यांचा घर्षण आणि वंगणावरचा ग्रंथ आला. त्यांचं म्हणणं असं, की दोन सपाट दिसणारे पृष्ठभाग फक्त काही शिखरांच्या टोकांवर टेकतात. बाउडन यांनी युरोपातल्या डोंगराळ देशांचं उदाहरण दिलं होतं. आपण आपले डोंगर घेऊ. सह्याद्री उपटून उलटा केला आणि सातपुड्यावर ठेवला, तर किती जागा टेकेल? इथले चार सुळके, तिथली दोन शिखरं. बाकी सगळी पोकळी.

हिशोब करून बघू. दहा सेंटिमीटर लांब-रुंद पोलादी ठोकळा दुसऱ्या पोलादावर ठेवला. दिसायला टेकलेली जागा दहा हजार चौरस मिलिमीटर. वरून शंभर किलोचा भार. साध्या पोलादाची कठिणता ढोबळपणे दर चौरस मिलिमीटरला दीडशे किलो धरा. टेकलेली टोकं दबत दबत तेवढीच पसरतात, जेवढ्याने भार पेलला जाईल. शंभर भागिले दीडशे, म्हणजे चौरस मिलिमीटरच्या दोन तृतीयांश. दहा हजारांतला जेमतेम दोन तृतीयांश! आमोन्तोंचा चमत्कारिक नियमही इथे सुटला. वीट आडवी ठेवा नाहीतर उभी, खरी टेकलेली जागा भार ठरवतो, विटेचा आकार नव्हे. पंडितांचं माकड बरोबर फांदीवरच बसलं होतं.

आता त्या इवल्याशा जागेत काय होतं बघा. तिथे दाब एवढा असतो, की धातू धातूला जोडला जातो, छोटे छोटे सांधे तयार होतात. सरकवायचं म्हणजे ते सांधे तोडायचे. त्याला लागणारा जोर म्हणजे घर्षणाचा मोठा वाटा. आणि सांधा तुटताना जुन्या जागी न तुटता जरा बाजूला तुटला, तर एका बाजूचा कण दुसरीकडे जातो. ती झीज. आर्चर्ड यांनी १९५३ साली याचा साधा नियम दिला : झीज भाराच्या आणि सरकलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते आणि कठिणतेच्या प्रमाणात कमी होते. शिवाय एक गुणक येतो, त्याचा एक अर्थ असा, की किती भेटींमागे एक कण सुटतो. मऊ पोलाद कोरडं मऊ पोलादावर घासलं, तर हजार भेटींत काही. चांगलं वंगण असेल तर दहा लाखांतही मुश्किलीने एखादी. संयोग आणि विभाग, दोन्ही वैशेषिकांच्या यादीत शेजारी शेजारी बसलेले आहेत.

म्हणजे स्वच्छ, कोरडं, अतिगुळगुळीत पोलाद हा सुखाचा ठेवा नव्हे. जितकं गुळगुळीत, तितकी जास्त टोकं जवळ येतात, आणि मध्ये तेल, गंज, धूळ काहीच नसेल तर ती एकमेकांना धरतात. याचा अनुभव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुणीही फिटर सांगेल. तिथे स्टेनलेस स्टीलच्या तारा, सळ्या, प्रोफाइल्स मोठ्या प्रमाणावर बनतात. विराज प्रोफाइल्ससारखे मोठे कारखाने आहेत, छोटे तर पुष्कळच. स्टेनलेसचा नवाकोरा, झकास आट्यांचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर कोरडा आणि घाईने आवळला, की कधी कधी मध्येच असा जाम होतो, की पान्याने जोर केला तर बोल्ट तुटतो पण नट सुटत नाही. स्टेनलेसवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तोच त्याचं रक्षण करतो. आट्यांच्या दाबाखाली तो खरवडला गेला, की आतला उघडा धातू उघड्या धातूला भेटतो. उपाय जुनाच : आवळण्यापूर्वी ग्रीस लावा, सावकाश आवळा, शक्य असेल तर नट वेगळ्या जातीच्या पोलादाचा घ्या.

वंगणाचा इतिहास मात्र रेल्वेने लिहिला. आपल्या भागातून बीबीसीआय रेल्वेची लाइन १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोचली. तेव्हा डब्यांच्या आसांना आजच्यासारखे रोलर बेअरिंग नव्हते. आस धातूच्या अर्धगोल कवचाखाली फिरायचा आणि खालच्या पेटीत तेलात भिजवलेला सुती चिंधोटा असायचा. चिंधोटा सुकला, की आस तापायचा. हॉट ॲक्सल हा शब्द जुन्या रेल्वेवाल्यांच्या तोंडी अजून आहे. गाडी थांबली, की गाडी तपासणारा कर्मचारी पेट्यांवर हाताची मागची बाजू टेकवत गाडीभर चालत जायचा. पुन्हा हातच. कुठे पोत बिघडून धातूला धातू लागलाय, हे तो उष्णतेवरून ओळखायचा.

असाच रेल्वेचा आस घेऊन बोशां टॉवर हा इंग्रज अभियंता प्रयोग करत होता. १८८३ सालची गोष्ट. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी वर येऊन सांडायला लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली. आस फिरायला लागताच खुंटी हळूहळू वर सरकून बाहेर पडली! मग त्याने दाबमापक लावला आणि कळलं, की आतल्या तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीच्या आसपास जातो. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून पाचरीसारखं आत घुसवतो आणि त्या तेलावर तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्याचं गणित बसवलं आणि १९०२ मध्ये रिचर्ड श्ट्रिबेक यांनी वेग आणि भार बदलत बदलत घर्षण कसं उतरतं, कसं चढतं, याचा आलेख दिला.

पण तेलाचा थर केवढा? बेअरिंगमध्ये कधी काही मायक्रॉन, कधी एक मायक्रॉनच्याही आत. आता पोताचं महत्त्व कळेल. उंचवटे थराच्या जाडीपेक्षा ठेंगणे असतील, तर पोलाद पोलादाला भेटतच नाही, झीज जवळजवळ शून्य. उंचवटे थराबाहेर डोकावत असतील तर टकरा सुरू. म्हणून चांगलं वंगण चालू असताना गुळगुळीतपणा खरोखर उपयोगी पडतो. अडचण येते गाडी सुटताना आणि थांबताना, जेव्हा वेग नसतो आणि थर उभा राहत नाही. बहुतेक यंत्रं चालताना कमी झिजतात, चालू-बंद होताना जास्त.

रुळावर तर आपल्याला घर्षण हवंच असतं. मालगाडीच्या एकेका चाकावर दहा टनांच्या आसपास भार असतो आणि ते चाक रुळाला साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान जागेत टेकतं. त्यातही खरा संयोग आणखी थोडाच. पहिल्या पावसाच्या भुरभुरीत रुळावरची धूळ, तेल आणि गंज यांचा लगदा होतो आणि चाकं घसरायला लागतात. धो धो पाऊस लागला की रूळ धुऊन निघतो आणि पकड सुधारते. इंजिनांना वाळूच्या पेट्या याचसाठी. वळणावर मात्र रुळाच्या आतल्या कडेला वंगण लावतात, कारण तिथे चाकाची कड घासते. एकाच रुळाचा माथा कोरडा हवा आणि कड तेलकट. डायवरच्या दोन पोतांसारखंच हे.

पोत मोजायचा कसा, ही पुढची पायरी. पूर्वी ड्रॉइंगवर त्रिकोण असायचे. एक त्रिकोण म्हणजे ढोबळ, दोन म्हणजे बरं, तीन म्हणजे ग्राइंडिंग, चार म्हणजे त्याहून बारीक. शेजारी नमुन्याच्या पट्ट्या ठेवायच्या आणि नखाने ताडून बघायचं. जर्मनीत गुस्टाव्ह श्माल्ट्झ यांनी १९२९ च्या सुमारास सुई फिरवून पृष्ठभागाची रेघ मोठी करून दाखवली. १९३३ साली अमेरिकेत ॲबट आणि फायरस्टोन यांनी एक फार शहाणा आलेख सुचवला : वरून खाली येत जाताना, प्रत्येक उंचीवर किती टक्के धातू लागतो? १९४१ साली इंग्लंडच्या लेस्टर शहरातल्या टेलर-हॉब्सन कंपनीचं टॅलिसर्फ यंत्र आलं आणि कारखान्यात आकडा मिळायला लागला. आज सगळीकडे जो आकडा चालतो तो आरए. मधली रेघ काढायची आणि उंचवटे-खड्डे त्या रेघेपासून सरासरी किती लांब जातात ते मायक्रॉनमध्ये सांगायचं. साध्या टर्निंगला दोन-तीनपासून सहापर्यंत, ग्राइंडिंगला एकाच्या आत, लॅपिंगला त्याहून कितीतरी कमी.

इथे आमची तक्रार आहे. सरासरीला वर-खाली कळत नाही. कल्पना करा, एक पृष्ठभाग सपाट पठार आणि त्यात खोल अरुंद दऱ्या. दुसरा बरोबर उलटा, सपाट मैदान आणि त्यावर उंच टोकदार सुळके. दोघांचा आरए अगदी एकच येईल. पहिला तेल साठवेल, भार पठारावर घेईल आणि वर्षानुवर्षं चालेल. दुसऱ्याचे सुळके पहिल्याच दिवशी तुटतील आणि तुटलेले कठीण कण बाकीचं सगळं खरवडतील. ॲबट-फायरस्टोन आलेखात हा फरक लगेच दिसतो, पण आलेख वाचायला वेळ लागतो आणि आकडा पावतीवर मावतो.

आमचा एक जुना विद्यार्थी बोईसरला जॉबवर्क करतो. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाला, पुढे वडिलांचं वर्कशॉप सांभाळलं. त्याच्याकडे हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडचं काम होतं. गिऱ्हाईक आरए आणखी कमी करा म्हणून मागे लागलं, तेव्हा याने पॉलिशवर पॉलिश करून रॉड आरसा केले. माल पास झाला. काही महिन्यांत रबरी सील कचकचायला लागले, रॉड धक्के देत सरकू लागले, सील फाटून तेल गळू लागलं. कारण साधं होतं. सीलखालून रॉडबरोबर तेलाचा बारीक थर जायला रॉडवर थोडे खड्डे लागतात. आरशावर तेल टिकेना, रबर कोरडंच घासत राहिलं. नुकसान भरलं याने, कारण करारात आकडा होता, कारण नव्हतं. आता तो गिऱ्हाइकाला आकड्याच्या खालची मर्यादाही लिहायला लावतो : इतक्याहून खरखरीत नको आणि इतक्याहून गुळगुळीतही नको. तर्कशास्त्राचा पेपर वाया गेला नाही म्हणायचा.

रिक्षाची, मोटारसायकलची इंजिनं बोअर करणाऱ्यांना हे केव्हाच ठाऊक आहे. सिलिंडर आतून बोअर केल्यावर त्यावर होनिंगचे तिरपे चरे एकमेकांना छेदत पाडतात. पिस्टनच्या रिंगा वरखाली सरकतात तेव्हा त्या चऱ्यांत तेल राहतं. नवी स्कूटर घेतल्यावर पहिले काही दिवस हळू चालवा म्हणायचे, आठवतं का? त्या दिवसांत उरलेले सुळके हलक्या भाराखाली झिजून पठारं व्हायची. आता कारखान्यातच सुळके कापून चरे ठेवतात, म्हणून नव्या गाड्यांत ते पथ्य तितकं कडक राहिलेलं नाही. आमच्या आयांना हे नवं वाटलं नसतं. जातं गुळगुळीत झालं, की टाकी लावणाऱ्याला बोलावून त्याला पुन्हा चरे पाडून घ्यायचे. दळण व्हायचं तर दगडाला पोत हवाच.

तारापूरला टाटा स्टीलचा तारांचा कारखाना आहे, त्या धंद्यातही हीच गोष्ट. तार ओढायची म्हणजे जाड सळी कठीण डायच्या भोकातून खेचून बारीक करायची. त्याआधी सळी आम्लात बुडवून तिच्यावरचा पापुद्रा काढतात आणि मग फॉस्फेटचा किंवा चुन्या-बोरॅक्सचा थर देतात. तो थर खरखरीत असतो, आणि तसाच हवा असतो, कारण त्या खरखरीत साबणाची भुकटी धरून राहते आणि तार डायपर्यंत साबण घेऊन जाते. नुसती चकचकीत तार साबण धरणार नाही, डाय खाईल आणि स्वतःही तुटेल. पत्र्याचंही तसंच. जेएसडब्ल्यूसारख्या कारखान्यांतून तारापूरला जस्त चढवलेले आणि रंगीत पत्रे निघतात. पत्रा लाटायच्या शेवटच्या रूळांचा पोत पत्र्यावर उतरतो, म्हणून कित्येक ठिकाणी रूळ मुद्दाम खरखरीत करतात. दाबकामात तेल धरायला आणि रंग चिकटायला तो पोत लागतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात इस्रायलच्या हैफामध्ये इझाक एत्सियॉन यांनी लेझरने पोलादावर बारीक खळगे पाडून घर्षण कमी करून दाखवलं. टाकी लावणं म्हणा ना.

दोन गोष्टी सांगून थांबतो, कारण दोन्ही माणसाच्या अंगाशी येतात.

पहिली अणुकेंद्राची. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये चालू झाले. अशा अणुभट्ट्यांच्या जगभरच्या अनुभवात झिजेचा एक वेगळाच अर्थ निघाला. व्हॉल्व्हची तोंडं झिजू नयेत म्हणून त्यांवर स्टेलाइट नावाचा कोबाल्टचा कठीण मिश्रधातू चढवत असत. तो झिजतो थोडाच, पण जे सूक्ष्म कण सुटतात ते पाण्याबरोबर भट्टीच्या गाभ्यात जातात, तिथे कोबाल्ट-६० होतात आणि परत येऊन पाइपांच्या आतल्या अंगाला बसतात. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या वर. दुरुस्तीला आत जाणाऱ्या कामगाराला जो किरणोत्सार मिळतो, त्यात या कणांचा मोठा हिस्सा असतो. म्हणून पुढे कोबाल्ट नसलेले मिश्रधातू शोधले गेले, आणि पाइप आतून विजेने गुळगुळीत करण्याची रीत आली, कारण गुळगुळीत भिंतीवर ते कण कमी बसतात. इथे मात्र जितकं गुळगुळीत तितकं बरं, याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट पोत देणाऱ्यांची. पोलाद साफ करायचं, त्याला एकसारखा खरखरीतपणा द्यायचा, तर सोपा मार्ग म्हणजे दाबाच्या हवेने वाळू मारणं, सँडब्लास्टिंग. वाळूचा कण पोलादावर आदळून फुटतो आणि सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ होते. ती फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. फुफ्फुसच हळूहळू घट्ट होत जातं. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्याला औषध नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी या कामात वाळू वापरायला बंदी केली. पोलादाचे छर्रे, इतर खडे वापरा म्हणून सांगितलं. त्यांनी पोत तितकाच चांगला येतो. आपल्याकडे सिलिकोसिस कायद्याने कळवायलाच हव्यात अशा रोगांत आहे. पण कळवायचा तर आधी ओळखावा लागतो, आणि कंत्राटी कामगार खोकायला लागतो तोवर त्याचं कंत्राट संपून तो गावी गेलेला असतो. तिथला डॉक्टर क्षयाची औषधं चालू करतो, कारण तो काय काम करत होता हे कुणी विचारलेलं नसतं. इथे वर्कशॉप चालवणारे काही जण बसलेत असं दिसतंय. तुमच्याकडे किंवा तुम्ही ज्याला काम देता त्याच्याकडे कोणते खडे मारतात, तेवढं उद्या बघून घ्या. वाळू असेल तर बदला, आणि त्या मुलांच्या छातीचे एक्स-रे काढून घ्या.

आता प्रश्न घेऊ.